त्या तोफेवर हसण्याआधी

दुसऱ्या महायुद्धावर आपल्याकडे व्याख्यानं होतात, दिवाळी अंकांत लेख येतात, आणि रणगाड्यांचा विषय निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. जर्मन सैनिकांनी आपल्याच ३७ मिमी रणगाडाविरोधी तोफेला 'दार ठोठावणारं यंत्र' असं नाव ठेवलं होतं. गोळा चिलखतावर नुसती टकटक करायचा, आत काही शिरायचा नाही. सभागृहात हशा पिकतो. लगेच पुढचं वाक्य येतं : दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत युरोपातल्या सेनापतींनी असल्या खेळण्यांवर पैसा उधळला, कारण त्यांच्या डोळ्यांपुढून १९१८ साल हटतच नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका व्याख्यानाला मी बसलो होतो. वक्ते अभ्यासू होते, तारखा तोंडपाठ होत्या. तरीही त्यांनी तोच किस्सा सांगितला, तोच निष्कर्ष काढला आणि टाळ्या मिळवल्या. किस्सा खरा आहे. निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो इतक्या वेळा उगाळला गेलाय की त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

हे नाव पडलं कधी? १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये, आणि ते पक्कं चिकटलं १९४१ मध्ये रशियात. तोफ कधीची? ऱ्हाइनमेटाल कंपनीत तिचं काम १९२० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. पहिली आवृत्ती घोड्यांनी ओढायची होती, तिला लाकडी आऱ्यांची चाकं होती. मोटारीमागे जोडून वेगानं नेता यावी म्हणून १९३४ च्या सुमारास तिला हवेचे टायर बसवले, आणि ही सुधारलेली तोफ पुढे 'पाक ३६' या नावानं ओळखली गेली. 'पाक' हे 'रणगाडाविरोधी तोफ' या जर्मन शब्दाचं लघुरूप. थोडक्यात, तोफ आणि तिची थट्टा यांच्यात निदान सहा वर्षांचं अंतर आहे. व्याख्यानांत ही सहा वर्षं गाळली जातात, आणि सगळी गफलत तिथेच होते.

हे अंतर समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या वाचकाला युरोपात जावं लागत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश माटिल्डा उभी आहे. फ्रान्समध्ये १९४० साली जर्मन ३७ मिमीचे गोळे जिच्यावरून उडाले, तीच ही जात. तिच्या पुढच्या चिलखताची जाडी ७८ मिमी. आपल्या जुन्या मापात चार बोटं. तिच्यासमोर उभं राहून उजव्या हाताची चार बोटं जुळवा आणि एवढ्या जाडीचं सलग पोलाद मनासमोर आणा. आता तीन बोटं मिटून फक्त करंगळी उरू द्या. करंगळीची रुंदी साधारण १५ मिमी भरते. १९३४ साली ज्या रणगाड्यांवर ती तोफ रोखायची होती, त्यांचं चिलखत एवढंच होतं. विकर्स कंपनीच्या ६ टनी रणगाड्यावरून सोव्हिएत संघानं बेतलेला आणि हजारोंच्या संख्येनं काढलेला टी-२६, जाडी १५ मिमी. वेगवान बीटी-५, १३ मिमी. जर्मनांचे स्वतःचे पॅन्झर-१ आणि पॅन्झर-२, १३ आणि १४.५ मिमी. हे रणगाडे रायफलच्या आणि मशीनगनच्या गोळ्यांपासून बचाव करण्यासाठी बांधलेले होते, आणि तेवढंच काम ते चोख करत.

आता तोफेकडे पाहू. ३७ मिमीचा गोळा वजनाला सुमारे ६८० ग्रॅम, म्हणजे पाऊण किलोलाही कमी. नळीतून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर. शाळेत शिकलेलं सूत्र लावलं, वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणलं, की ऊर्जा येते सुमारे १ लाख ८९ हजार ज्यूल. हजार किलोची मोटार ताशी ७० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळली तर भिंतीला बसणारा दणका एवढाच असतो. फरक इतकाच की मोटारीचा दणका सगळ्या तोंडावर पसरतो, गोळ्याचा दणका पाच रुपयांच्या नाण्याच्या साधारण दीडपट रुंद वर्तुळात एकवटतो. पाचशे मीटरवरून, तिरका लागला तरी, तो ३० मिमीच्या आसपास पोलाद भेदू शके. गरज १५ ची, ताकद ३० ची. गरजेच्या दुप्पट ताकद ठेवून बांधलेल्या शस्त्राला खेळणं म्हणायचं, तर मग नीट विचार करून बांधलेलं शस्त्र कशाला म्हणायचं?

आता वजन. व्याख्यानांत याचा उल्लेखही होत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. मांडलेल्या स्थितीत ही तोफ सुमारे ३२७ किलोची होती. दोन बुलेट मोटारसायकली शेजारी उभ्या केल्या तरी वजन याहून जास्त भरेल. उंची माणसाच्या छातीच्याही खाली. मागचे दोन लांब पाय फाकवून त्यांची टोकं जमिनीत रोवली की तोफ मांडून झाली. तोफची पोलादी पडद्याआड गुडघ्यांवर बसतात. कुंपणाआड, शेताच्या बांधाला, पडक्या घराच्या खिडकीशी ती दडवता येते. दोनतीन फेऱ्या झाडल्या की धुरावरून आणि धुळीवरून शत्रूला जागा कळते, आणि त्या क्षणी तीनचार माणसांनी दोर खांद्याला लावून तोफ शंभर मीटर बाजूला ओढायची असते. ट्रक तिथवर येऊ शकत नाही, घोडा आणला तर मरतो. माणसाच्या अंगातला जोर हीच तिथली एकमेव गाडी. रणगाड्याशी पायदळ असंच लढतं, आणि म्हणून हलकेपणा ही तोफेची पहिली अट होती. कंजुषीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दुसरी अट संख्येची. रणगाडे कुठून येतील हे आधी कळत नाही, म्हणून तोफा सगळीकडे हव्यात. युद्धाच्या आरंभी जर्मनीच्या पहिल्या फळीतल्या पायदळ डिव्हिजनमध्ये अशा सत्तरहून अधिक तोफा होत्या. प्रत्येक रेजिमेंटची आपली कंपनी, शिवाय डिव्हिजनची स्वतंत्र बटालियन. १९३९ च्या सप्टेंबरात सगळ्या जर्मन लष्कराकडे मिळून अकरा हजारांच्या आसपास ३७ मिमी तोफा होत्या. एक टनाची तोफ करायची ठरवली असती तर एवढ्या तोफा कोणत्या कारखान्यानं काढल्या असत्या आणि कोणत्या वाहनांनी ओढल्या असत्या? ज्या लष्कराच्या पायदळाचा बहुतेक सरंजाम १९४५ पर्यंत घोड्यांवर चालला, त्याच्यापुढे हा रोजचा प्रश्न होता.

असाच विचार करणारे जर्मन एकटे नव्हते. स्वीडनच्या बोफोर्सनं ३७ मिमीच काढली. हॉचकिसनं फ्रेंच पायदळासाठी २५ मिमीची तोफ केली. ऑस्ट्रियाच्या ब्योलरची ४७ मिमीची तोफ इटलीनं स्वीकारली. सोव्हिएतांनी ऱ्हाइनमेटालचाच आराखडा घेऊन १९३० ची ३७ मिमी केली आणि दोनच वर्षांत नळी ४५ मिमीची केली. अमेरिकेनं जर्मन तोफ विकत घेऊन अभ्यासली आणि १९३८ मध्ये आपली ३७ मिमी स्वीकारली. एवढ्या देशांतले तोफखान्याचे अभियंते, ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, ते जवळजवळ एकाच उत्तरावर येऊन थांबतात, तेव्हा सगळेच मूर्ख होते असं म्हणण्याआधी प्रश्न काय होता हे विचारावं.

कागदावरच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवू नये, म्हणून रणांगणावर येतो. ऑक्टोबर १९३६ मध्ये सोव्हिएत टी-२६ स्पेनच्या यादवी युद्धात उतरले. २९ ऑक्टोबरला माद्रिदच्या दक्षिणेला सेसेन्या गावात ते घुसले तेव्हा त्यांच्यासमोर टिकेल असा एकही रणगाडा फ्रँकोच्या बाजूकडे नव्हता. टी-२६ वर ४५ मिमी तोफ होती, समोरच्या जर्मन आणि इटालियन रणगाड्यांवर नुसत्या मशीनगन. ही तफावत ज्या शस्त्रानं भरून काढली ते हेच 'दार ठोठावणारं यंत्र'. १३ ऑक्टोबर १९३७ ला फुएन्तेस दे एब्रोजवळ बीटी-५ रणगाडे पाठीवर पायदळ घेऊन सुसाट निघाले. ओलसर शेतांत काही रुतले, काहींना तोफांनी टिपलं, आणि निघालेल्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा परत आला नाही. १३ मिमीच्या पोलादाची किंमत त्या दिवशी सगळ्या जगाला कळली.

सर्वांत आधी ती कळली मॉस्कोला. स्पेनमध्ये रणगाड्यांचं नेतृत्व करून परतलेले दिमित्री पावलोव लाल सेनेच्या रणगाडा विभागाचे प्रमुख झाले आणि जाड चिलखताचा आग्रह धरून बसले. खारकोव्हला रणगाड्यांचे अभियंते मिखाईल कोश्किन ३७ मिमीच्या गोळ्याला दाद न देणाऱ्या मध्यम रणगाड्याच्या मागे लागले. १९ डिसेंबर १९३९ ला टी-३४ सेवेत घेण्याचा निर्णय झाला, पुढचा पत्रा ४५ मिमीचा आणि चांगलाच तिरका. ज्या रणगाड्यावर ३७ मिमी हरली म्हणून आपण हसतो, तो रणगाडा ३७ मिमी जिंकली म्हणून जन्माला आला. ती तोफ स्पेनमध्ये कुचकामी ठरली असती तर १९४१ मध्ये जर्मनांसमोर पुन्हा करंगळीएवढ्या पत्र्याचेच रणगाडे आले असते. हा धागा सोडून फक्त शेवट सांगणं म्हणजे अर्धा इतिहास सांगणं, आणि तोही उलटा.

पोलंडबद्दलही आपल्याकडे असाच अर्धा इतिहास चालतो. भाले घेऊन रणगाड्यांवर धावणारे घोडेस्वार ही दंतकथा अजून शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १ सप्टेंबर १९३९ ला मोक्रा गावाजवळ खरोखर जे घडलं ते मात्र कोणी सांगत नाही. कर्नल यूलियान फिलिपोविच यांच्या वोल्हिनियन घोडदळ ब्रिगेडवर जर्मनीची चौथी पॅन्झर डिव्हिजन चालून आली. पोलंडचं घोडदळ प्रवास घोड्यावरून करी आणि लढाई जमिनीवर उतरून. त्यांच्याकडे घोड्यांनी ओढलेल्या बोफोर्स ३७ मिमी तोफा होत्या, जंगलाच्या कडेनं आणि रेल्वेच्या भरावालगत मांडलेल्या. समोर मुख्यतः पॅन्झर-१ आणि पॅन्झर-२, म्हणजे तीच करंगळी. सकाळपासून हल्ल्यामागून हल्ले आले, रणगाडे पेटत राहिले, आणि ब्रिगेडनं दिवसभर ती जागा धरून ठेवली. संध्याकाळी ती मागे हटली ती बगला उघड्या पडल्यामुळे. एका चिलखती डिव्हिजनला घोडदळानं दिवसभर थोपवलं ते या हलक्या तोफांच्या जोरावर. घोड्यामागे चालणारी, घोड्याला ओढता येणारी तोफ हातात होती म्हणूनच ते शक्य झालं.

आता विरुद्ध बाजूचे मोहरे पाहू, कारण ते आहेत आणि वजनदार आहेत. १६ मे १९४० ला स्टोन गावात कॅप्टन प्येर बियोत यांचा 'बी-१ बिस' रणगाडा एकटा शिरला, १३ जर्मन रणगाडे उद्ध्वस्त केले आणि १४० फटके खाऊन शाबूत परतला. त्याचं चिलखत ६० मिमीचं. पाच दिवसांनी, २१ मे रोजी, आरासजवळ ७४ ब्रिटिश रणगाडे रोमेलच्या डिव्हिजनवर आले. ३७ मिमीचे तोफची गोळ्यावर गोळे झाडत राहिले आणि चिरडले गेले. हल्ला थोपवला तो १०५ मिमीच्या तोफखान्यानं आणि विमानविरोधी ८८ मिमी तोफांनी. या हकिगती खऱ्या आहेत आणि त्या तोफच्यांसाठी भयानक होत्या. मला त्या लपवायच्या नाहीत. हेही मान्य करतो की फ्रेंचांनी १९३५ मध्येच ४० मिमी चिलखताचा आर-३५ स्वीकारला होता. म्हणजे ३७ मिमीची राखीव ताकद फ्रान्सपुरती फार लवकर संपत आली होती आणि बर्लिनला ते दिसायला हवं होतं.

ते दिसलंही होतं. ५० मिमीच्या नव्या तोफेचं काम १९३८ पर्यंत सुरू झालं होतं. ती सैन्याच्या हाती पडायला १९४० उजाडलं, आणि जून १९४१ मध्ये रशियावर चढाई झाली तेव्हाही बहुतेक तुकड्यांकडे जुनी ३७ मिमीच होती. लिथुआनियात रासेनियाईजवळ ७५ मिमी चिलखताच्या एकट्या सोव्हिएत केव्ही रणगाड्यानं सहाव्या पॅन्झर डिव्हिजनच्या एका तुकडीची रसद अडवून धरली, तेव्हा तिथे नवी ५० मिमीसुद्धा आणली होती. तिचेही गोळे वाया गेले. आता ५० मिमीलाही खेळणं म्हणणार का?

इथे हमखास येतं ते ८८ मिमीचं कौतुक. मग सुरुवातीपासून मोठीच तोफ का नाही केली, असा सवाल केला जातो. ८८ मिमी मांडलेल्या स्थितीत सुमारे ५ टनांची, माणसाच्या डोक्याहून उंच, ओढायला खास पट्ट्यांची गाडी लागणारी. मोकळ्या माळावर ती राज्य करते. बांधाआड, गल्लीत, जंगलाच्या कडेला तिला लपवता येत नाही आणि दिसली की ती मरते. पुढे ७५ मिमीची पाक ४० आली. तिच्या गोळ्याची ऊर्जा ३७ मिमीच्या अकरा पट होती, वजन चारपटीहून जास्त, जवळजवळ दीड टन. रशियातल्या चिखलात माघार घेताना ही उत्तम तोफ तोफच्यांना हातानं हलवता येत नसे, आणि ट्रक आला नाही की ती जागीच सोडून द्यावी लागे. ब्रिटिशांची १७ पौंडी तर सुमारे ३ टनांची. चिलखत जाड झाल्यावर हे ओझं पत्करावंच लागलं, त्याला इलाज नव्हता. पण समोर १५ मिमीचा पत्रा असताना, शत्रूकडे अजून नसलेल्या रणगाड्यांसाठी १९३४ साली पायदळाच्या गळ्यात दीड टनाचं लोढणं बांधणं याला दूरदृष्टी कोणी म्हटलं नसतं. मोठ्या तोफांचे टीकाकार तेव्हाही असते, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगतो. या तोफांवर हसण्याच्या नादात ज्यांना जाब विचारायला हवा ते सुटून जातात. हलकी तोफ ही कल्पना चुकली नव्हती. ती बदलायची वेळ चुकली, आणि काही ठिकाणी ती डोळ्यांदेखत चुकवली गेली.

सर्वांत बोलकं उदाहरण ब्रिटिशांचं. त्यांची २ पौंडी, ४० मिमीची, जन्माच्या वेळी आपल्या वर्गातली अव्वल होती. तिपायी बैठकीवर ती चौफेर फिरे. त्याची किंमत वजनात मोजावी लागली. ती ८०० किलोंच्या पुढे गेली, जर्मन तोफेच्या अडीचपट. तिची जागा घेणारी ६ पौंडी, ५७ मिमीची, आराखड्याच्या रूपात युद्धाआधीच तयार होत आली होती. मग डंकर्कहून माघार घ्यावी लागली. २ पौंडी तोफांचा मोठा साठा फ्रान्समध्ये टाकून यावं लागलं, आणि समुद्रापलीकडून आक्रमण होईल अशी धास्ती होती. नवी तोफ काढायला घेतली तर जुळणी बदलण्यात महिने जाणार आणि हाती येणाऱ्या तोफांचा आकडा कितीतरी पटीनं घसरणार. म्हणून जुनीच काढत राहायचं ठरलं. १९४० च्या जुलैत हा निर्णय मीही घेतला असता. घरात चोर शिरायच्या बेतात असताना कुलूप दुरुस्तीला देत नाहीत. पण आक्रमणाचा धोका ओसरल्यावरही बदल रेंगाळला. ६ पौंडी रणांगणात उतरली ती मे १९४२ मध्ये, गझालाच्या लढाईत.

मधल्या काळाचा हिशेब वाळवंटात चुकता झाला. २१ नोव्हेंबर १९४१, लिबियातलं सिदी रेझेग. सेकंड लेफ्टनंट जॉर्ज वॉर्ड गन यांच्या हाताखाली चार २ पौंडी तोफा होत्या, ट्रकच्या उघड्या पाठीवर चढवलेल्या. सुमारे साठ जर्मन रणगाडे चालून आले. एकेक तोफ बंद पडत गेली. शेवटी एकच उरली, आणि ती ज्या ट्रकवर होती त्याला आग लागलेली. तिचे तोफची मेलेले किंवा जखमी. गन त्या जळत्या ट्रकवर चढले. त्यांचे वरिष्ठ मेजर बर्नार्ड पिनी आग विझवू लागले, कारण गोळ्यांचा साठा त्याच ट्रकवर होता. सुमारे ७०० मीटरवरून गन यांनी चाळीस-पन्नास गोळे झाडले, दोन रणगाडे पेटवले, आणखी काहींना गाठलं, आणि कपाळात गोळी लागून ते कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पिनी दुसऱ्या दिवशी मारले गेले.

या माणसांच्या हातातल्या तोफेला खेळणं म्हणताना जीभ अडखळायला हवी. जे प्रश्न विचारायचे ते असे आहेत : पडद्याआड दडण्यासाठी बांधलेली तोफ उघड्या ट्रकवर चढवून लढायची पाळी का आली? २ पौंडीच्या तोफच्यांना फुटणारा गोळा का दिला नव्हता, ज्यामुळे शत्रूच्या तोफेच्या तोफच्यांना ती काहीच करू शकत नव्हती? जर्मनांच्या ३७ मिमीला असा गोळा पहिल्यापासून होता. आणि जर्मनांनी आपल्या रणगाड्यांवर वरून कठीण पोलादाचे जादा पत्रे ठोकले तेव्हा त्यावर आदळून फुटणार नाही असा टोपीचा गोळा यायला एवढा उशीर का झाला? ही यादी तोफेच्या नळीबद्दल नाही. गोळा, वापर, वेळापत्रक, म्हणजे कचेरीत बसून घेतलेल्या निर्णयांबद्दल आहे.

आणि ६ पौंडी आल्यावर काय झालं? २७ ऑक्टोबर १९४२ ला, अल अलामेनजवळच्या 'स्नाइप' नावाच्या एका खोलगट जागेत, लेफ्टनंट कर्नल व्हिक्टर टर्नर यांच्या रायफल ब्रिगेडच्या बटालियननं १९ तोफा वाळूत पुरून मांडल्या. दिवसभरात त्यांनी तीसहून जास्त रणगाडे आणि चिलखती तोफगाड्या मोडून काढल्या. बुटकी, माणसांनी ढकलता येणारी, जमिनीलगत दडवलेली तोफ. कल्पना १९३४ चीच होती. नळी तेवढी काळाबरोबर जाड झाली होती.

सोव्हिएत ४५ मिमीलाही तिच्या तोफच्यांनी एक नाव दिलं होतं : 'अलविदा मातृभूमी'. हे नावही थट्टा म्हणून सांगितलं जातं, आणि ते मला फार खुपतं. त्या नावात तोफेची निंदा नाही. पहिल्या फळीत, पायदळाच्या बरोबरीनं, रणगाडा दोनतीनशे मीटरवर येईपर्यंत श्वास रोखून थांबणाऱ्या माणसाला आपलं काय होणार हे ठाऊक असतं, त्याचं ते बोलणं आहे. १९४१ मध्ये बहुतेक जर्मन रणगाड्यांचं चिलखत ३० मिमीच्या आसपास होतं, आणि ४५ मिमीचा जवळजवळ दीड किलोचा गोळा त्याला पुरेसा होता. पुष्कळदा तो उपयोगी पडला नाही, कारण युद्धापूर्वी काढलेल्या गोळ्यांचे काही साठे चुकीच्या तापवणीमुळे ठिसूळ निघाले आणि आदळताच फुटले. हाही दोष कारखान्यातल्या भट्टीचा होता, तोफ आखणाऱ्याचा नव्हता. १९४२ मध्ये नळी लांबवून त्यांनी हीच तोफ पुढे चालवली आणि ती युद्धाच्या शेवटापर्यंत लढली.

अमेरिकन ३७ मिमीची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. १९४३ च्या आरंभी ट्युनिशियात जर्मन रणगाड्यांपुढे ती हतबल झाली आणि तिच्या नावानं तक्रारींचा पाऊस पडला. त्याच्या चारच महिने आधी, २३ ऑक्टोबर १९४२ ला, ग्वाडलकॅनालवर मातानिकाउ नदीच्या मुखाशी जपानी रणगाडे वाळूच्या पट्ट्यावरून आले तेव्हा मरीन सैनिकांच्या याच तोफांनी त्यांचा फडशा पाडण्यात मोठा वाटा उचलला होता, आणि रात्रीच्या पायदळी हल्ल्यांवर तिचा छर्ऱ्यांचा गोळा, एकेकात १२२ पोलादी गोळ्या भरलेला, सैनिकांचा जीव की प्राण होता. तोफ तीच, अंतर अवघ्या चार महिन्यांचं. समोर कोण आहे यावरून निकाल बदलला.

कोणी म्हणेल, सगळ्याच हलक्या तोफांना मी एका माळेत ओवतोय. तसं नाही. फ्रेंच २५ मिमी मला स्वतःला पटत नाही. तिचा गोळा एक तृतीयांश किलोलाही कमी, वेग मात्र सेकंदाला ९०० मीटरच्या पुढे. १९४० च्या पातळ जर्मन रणगाड्यांना ती भेदू शके, पण वाढायला तिच्यात जागाच नव्हती. गाडा इतका नाजूक की ब्रिटिशांना तो मोटारीमागे ओढण्याऐवजी मोटारीवर चढवून न्यावा लागे. फ्रान्सकडे १९३७ पासून ४७ मिमीची फार चांगली तोफ होती, एक टनाची, पण ती पुरेशा संख्येनं वेळेत झाली नाही. म्हणजे हलक्या तोफांतही बऱ्या आणि वाईट होत्या. त्या ओळखायच्या तर प्रत्येकीला तिच्या वर्षाच्या रणगाड्यासमोर उभं करावं लागतं.

व्याख्यान देणाऱ्या आणि लेख लिहिणाऱ्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. 'दार ठोठावणारं यंत्र' हा किस्सा जरूर सांगा, तो सैनिकांचाच आहे आणि त्यांनी तो जिवावर उदार होऊन कमावलाय. फक्त पडद्यावर माटिल्डाचं चित्र दाखवण्याआधी टी-२६ चं चित्र दाखवा, आणि दोन्हींखाली चिलखताची जाडी आणि साल लिहा.